मिठागरातलं बीट

मार्च लागला की आमच्या मागच्या अंगणातल्या मातीवर पांढरट साय धरते. पहिल्या वर्षी मला वाटलं बुरशी आहे. मग वाटलं शेजाऱ्यांचं रंगकाम चाललंय, त्याची पुट्टी उडून आली असणार, आणि दोन दिवस मी त्यांच्यावर मनातल्या मनात चिडूनही घेतलं. तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गल्लीत भाजी घेऊन येणारी मावशी पाणी प्यायला मागच्या दाराशी आली, तिने ते बघितलं, वाकली, चिमूटभर माती उचलली आणि सरळ जिभेवर ठेवली. थुंकली. पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "खारी हाय गो बाय. खार चढलाय वर."

मी सांगलीकडची, वाळवा तालुक्यातली. आमच्याकडे माती मुठीत दाबून बघतात, वास घेऊन बघतात, माझे वडील तर नुसतं ढेकळावर चप्पल मारून सांगतात की वाफसा आलाय का नाही. पण माती चाखणारं माणूस मी तोवर बघितलं नव्हतं.

तर आमचं घर नवी मुंबईत, नेरूळ पश्चिमेला. सिडकोचं, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाचं, जुनं रो हाऊस, सासऱ्यांनी घेतलेलं, आणि मागे साधारण बारा बाय नऊ फुटांचा मातीचा तुकडा. आमच्या ओळीत बाकी सगळ्यांनी तो तुकडा कधीच पत्रे टाकून आत घेतला, कुणाची तिथे वॉशिंग मशीन आहे, कुणाचं क्लास घ्यायचं टेबल. आमचा राहिला तो फक्त सासऱ्यांनी लावलेल्या कढीपत्त्यामुळे. ते गेल्यावर आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, त्याला हात लावू दिला नाही. मग लॉकडाऊनमध्ये सगळ्यांनाच जे खूळ लागलं होतं ते मलाही लागलं. शेतकऱ्याची पोरगी आहे, हाताला मातीची सवय आहे, त्यात काय, असा एक माज पण होताच.

मिरची लावली. वांगी लावली. घेवडा लावला, कारण आमच्या माहेरच्या कुंपणावर घेवड्याचा वेल असायचा आणि मला तसाच हवा होता. तीन आठवड्यांत घेवड्याच्या पानांच्या कडा तपकिरी पडायला लागल्या, जशी इस्त्री लागून कापडाची कड करपते तशा. मी म्हटलं पाणी कमी पडतंय. मग बोअरचं पाणी, जे आम्ही फक्त गाड्या धुवायला आणि फ्लशला वापरतो, ते सकाळ संध्याकाळ बादलीने घातलं, आणि सगळं आणखी भराभर मेलं. आता हसू येतं. खाडीपासून हाकेच्या अंतरावरच्या बोअरचं पाणी, ते चुळ भरली तरी कळतं मचूळ आहे म्हणून, आणि मी ते औषधासारखं पाजत होते.

मावशी करावे गावातली. वय साठीच्या पुढे, नाकात मोठी नथनी, पाठीवर टोपली नाही आता, हातगाडी आहे, पण पाटी म्हणायची सवय गेलेली नाही, "आज पाटीत शेंगा हायत" म्हणते. त्या दिवशी ती कढीपत्त्याखाली टेकली आणि म्हणाली की तिच्या सासऱ्यांची भातशेती इकडेच होती, आणि पलीकडे मिठागर. आणि तुमचं स्वयंपाकघर हाय ना, तिथंच आमची उघाडी होती. खरंच बरोबर तिथेच होती का कोण जाणे, मला वाटतं ती नेरूळमधल्या दहा तरी घरांना हेच सांगत असेल. पण उघाडी म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं, म्हणून विचारलं, आणि पुढचा अर्धा तास माझी ऑफिसची मीटिंग म्यूटवर चालू राहिली.

खाडीकाठच्या जमिनीत भात करायचा तर आधी भरतीचं पाणी अडवायला मातीचा बांध घालायचा, ती खारबंदिस्ती. पण बांध घातला की आत साठलेलं पावसाचं पाणी जाणार कुठून? म्हणून बांधात झडप ठेवायची. ओहोटीला आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं, भरती आली की बाहेरचं पाणी तिला दाबून बंद करतं. ही उघाडी. आपल्या इथे पावसाळ्यात दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तो जमिनीतलं मीठ विरघळवतो, उघाडीतून ते पाणी खाडीत जातं, की वरची माती गोडी होते आणि तेवढ्या चार महिन्यांत भात काढून घ्यायचा. उन्हाळा लागला की खालचा ओलावा वर चढतो, येताना मीठ घेऊन येतो, पाणी उडून जातं आणि मीठ वर राहतं. तीच माझी पुट्टी. पनवेलला खारजमिनीचं संशोधन केंद्र आहे, तिथून असल्या जमिनीसाठी भाताच्या पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ अशा जाती निघाल्या. मी नेरूळला लग्न होऊन आले, रोज पामबीच रस्त्यावरून जात होते, आणि आपण कशावर राहतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा मी विचारलं नव्हतं.

१९७० साली सिडको आली, ठाणे-रायगडमधल्या ९५ गावांच्या जमिनी शहरासाठी घेतल्या, भराव टाकला. जमिनी गेलेल्यांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायची, ते पुढचं रामायण नवी मुंबईत राहणाऱ्याला सांगायला नको. मावशी ते एका वाक्यात उरकते आणि लगेच शेवग्याच्या शेंगांचा भाव सांगते. माझ्या अंगणात खणलं की पहिला दीड फूट मुरूम, विटांचे तुकडे, एकदा तर अख्खी निळी टाईल. त्याच्या खाली काळा चिकट चिखल लागतो आणि त्या चिखलात शिंपल्या. बारक्या, पांढऱ्या, नखाएवढ्या. माझ्या मुलाने त्या एका बरणीत जमवल्यात.

आता बीट. बीट मी ठरवून लावलेलंच नाही. २०२१ च्या ऑक्टोबरात, पाऊस संपता संपता, मी एका बियाणांच्या दुकानातून सुट्ट्या पुड्या आणल्या, घेवडा परत (माज गेला नव्हता), गाजर आणि पालक. दुकानदाराने पालक म्हणून जी पुडी दिली त्यातलं बी जरा विचित्रच होतं, खडबडीत, बुचाच्या लाकडाचे कण असावेत तसं हलकं. म्हटलं असेल नवीन व्हरायटी. आठ-दहा दिवसांनी उगवलं तर दांडे लालभडक. आई म्हणाल्या लाल माठ आहे. मावशी म्हणाली माठच हाय. मीसुद्धा माठच म्हणून चार पानं खुडून भाजी केली, ती लागली मात्र पालकासारखी, आणि तेव्हासुद्धा माझ्या डोक्यात काही उजेड पडला नाही.

यात आमची कुणाचीच फार चूक नव्हती हे नंतर वाचलं. माठ, राजगिरा, पालक, चाकवत आणि बीट हे सगळं एकाच कुळातलं, राजगिऱ्याच्या. आणि बिटाचं जे बी म्हणून आपण पेरतो ते एक बी नसतंच, ते दोन-चार फळांचं एकमेकांना चिकटलेलं गाठोडं असतं, म्हणून एका जागी एक पेरलं तरी तीन-तीन कोंब येतात.

डिसेंबरात घेवडा गेला. गाजराचा पाला जेमतेम बोटभर होऊन थांबला. आणि तो लाल माठ मात्र मजेत. एका सकाळी पाणी घालताना दिसलं की बुंध्याशी माती जरा फुगलीय, भेगाळलीय, आणि भेगेतून काहीतरी जांभळट गोल वर डोकावतंय. मी आईंना हाक मारली. आई चष्मा लावून आल्या, बराच वेळ वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, हे तर बीट."

एकूण सहा निघाली. सगळ्यात मोठं लिंबापेक्षा थोडं मोठं. आम्ही ती स्वयंपाकघराच्या ओट्यावर ओळीने मांडून फोटो काढला आणि तो फॅमिली ग्रुपवर टाकला, तर माझ्या दिराने विचारलं, रताळी का.

पण डोक्यात किडा वळवळायला लागला की हेच का जगलं. तोच तुकडा, तीच माती, तेच पाणी (बोअरचं एव्हाना बंद केलं होतं). माझा एक भाचा कृषी कॉलेजात शिकतो, त्याला मातीचा नमुना पाठवला. रिपोर्टमध्ये ईसी म्हणजे मातीतल्या क्षारांचं माप ३.४ आलं. त्याने मला एक तक्ता पाठवला, कुठलं पीक किती क्षारांपर्यंत उत्पन्न न घटता तग धरतं त्याचा. घेवडा १, गाजर १, मिरची दीड, टोमॅटो अडीच. बीट ४. मी तो आकडा बघून अक्षरशः मोठ्याने "अरे!" म्हणाले, लोकलमध्ये.

कारण बीट मुळात समुद्रकाठचं झाड आहे. त्याचा रानटी पूर्वज अजूनही युरोपात आणि भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यांवर भरतीच्या रेषेच्या जरा वर, खारं वारं खात, दगडगोट्यांत उगवतो. त्याची फक्त पानं खायची, मूळ चिवट असतं. माणसाने शेकडो वर्षं निवडून निवडून त्याचं गोल लाल बीट केलं, पण खार सोसायची सवय त्याच्या रक्तात राहिली. इंग्लंडातले जुने माळी बिटाच्या वाफ्यात मुद्दाम मीठ टाकायचे. मी इतकी वर्षं बीट म्हणजे परदेशी, थंडीतलं, आपलं नव्हे ते, असं समजत होते, आणि आमच्या ओळीतल्या त्या तुकड्यात सगळ्यात घरच्यासारखं वाटणारं तेच निघालं. मी आणलेला सांगलीचा घेवडा मात्र पाहुणाच राहिला आणि पाहुण्यासारखाच लवकर गेला.

हे मी आप्पांना, म्हणजे वडिलांना, फोनवर सांगितलं. ते ऊसवाले. उसापुढे त्यांना दुसरं पीक म्हणजे पोरखेळ वाटतो. म्हणाले, "खारपड झालंय म्हण की." मग त्यांनीच सांगितलं की आपल्याकडे कृष्णाकाठची किती रानं अशीच पांढरी पडली, उसाला पाट मोकळा सोडून सोडून, निचरा नाही, पाणी खालून वर आलं आणि क्षार घेऊन आलं. म्हणजे मी ज्या काळ्या रानाचा माज घेऊन इथे आले होते त्याच्याही पोटात हेच. आमचं शेत जरा चढाला आहे म्हणून वाचलं, आणि मी बाविसाव्या वर्षी गाव सोडल्यामुळे नदीकाठच्या लोकांचे हाल मला कधी कळलेच नाहीत.

मी त्यांना म्हटलं, आप्पा, बिटाचीच साखर करतात हो युरोपात. म्हणाले, "ऐकलंय. आमच्या उसाची सवत." याची गोष्ट मला फार आवडते म्हणून सांगते. १७४७ साली बर्लिनमध्ये मार्गग्राफ नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिलं की पांढऱ्या बिटातली साखर आणि उसातली साखर एकच. पुढे त्याचा शिष्य आखार्ड याने जास्त गोड बीट निवडत निवडत १८०१ च्या सुमारास सायलेशियात पहिला कारखाना काढला. आणि मग इंग्रजांशी भांडणात फ्रान्सला बाहेरून येणारी उसाची साखर मिळेना, तेव्हा १८११ मध्ये नेपोलियनने हजारो हेक्टरांवर बीट लावायचा हुकूम काढला. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "किती महिन्याचं पीक?" म्हटलं, पाच-सहा. आडसाली ऊस दीड वर्ष सांभाळणारा माणूस तो. पलीकडून बराच वेळ काही आवाजच नाही. मग म्हणाले, "तरीच."

दुसऱ्या वर्षी मी शहाणी झाले होते, म्हणजे व्हायचं ते सगळं वाटोळं झालं. बियाणं चांगलं आणलं, डेट्रॉइट डार्क रेड. रात्रभर भिजवलं. वाफ्यात शेणखत इतकं घातलं की आईंनी दोन दिवस मागचं दार उघडू दिलं नाही. कोवळ्या रोपांवर गोगलगायी आल्या, त्या मोठ्या, मुठीएवढ्या, पावसानंतर आमच्याकडे भिंतीवरसुद्धा चढतात. तर मी ऑफिसला गेल्यावर आईंनी त्यांच्यावर मीठ टाकलं. जाडं मीठ, मूठ मूठ, वाफ्यात! म्हणजे चार महिन्यांच्या पावसाने जे धुऊन नेलं ते आईंनी दहा मिनिटांत परत आणून ठेवलं. मोठं बीट खार सोसतं, पण उगवताना आणि बाळपणी ते बाकी कुठल्याही रोपासारखंच नाजूक असतं, हे मी त्यांना सांगायला गेले तर म्हणाल्या, "तूच म्हणालीस ना त्याला मीठ आवडतं."

जी वाचली त्यांची विरळणी करायची होती. एका जागचे तीन-चार कोंब, त्यातला एक ठेवायचा, बाकी काढायचे. आई मध्ये उभ्या राहिल्या. उगवलेलं उपटायचं नाही. चांगले हिरवेगार, तांबड्या देठाचे, काय वाईट केलंय त्यांनी. मलाही मनातून नकोच होतं, म्हणून मी आईंचं नाव पुढे करून ते टाळलं, हे खरं. जानेवारीत काय निघालं असेल? वर पाला गुडघ्याएवढा, हिरवा-लाल, बघत राहावा असा, आणि खाली बोटाएवढी मुळं, एकमेकींभोवती पेड घातलेली. खत जास्त झालं की सगळी ताकद पानांत जाते, आणि गर्दी झाली की मूळ फुगायला जागाच नाही. आप्पांना फोटो पाठवला. त्यांचा व्हॉइस मेसेज आला, चार सेकंदांचा. "विरळणी केली न्हाईस व्हय?"

त्या वर्षी आम्ही पानंच खाल्ली. आणि सांगते, बिटाची पानं लोक फेकतात ते वेडे आहेत. भरपूर लसूण, सुकी मिरची, भिजवलेली मूगडाळ, वरून ओलं खोबरं. वाशीच्या एपीएमसी मार्केटमधून आलेल्या बिटाला पानं नसतातच किंवा असली तर मरगळलेली, त्यामुळे ज्याच्याकडे झाड आहे त्यालाच ही भाजी मिळते.

तिसऱ्या वर्षी मात्र सगळं जमून आलं. दिवाळी झाल्यावर लगेच पेरलं, माती पावसाने धुतलेली असताना. वरचा सहा इंच थर हलका केला, कोकोपीट आणि जुनं कुजलेलं खत, म्हणजे बाळपण त्यात जाईल आणि मूळ खाली गेलं की खाली काय आहे ते बिटाने बघून घ्यावं. गोगलगायी रात्री टॉर्च घेऊन हाताने वेचल्या, मुलगा दहा रुपयाला दहा या रेटने. आणि विरळणी केली, आई दुपारी झोपल्यावर, कात्रीने. उपटायचं नाही, शेजारच्याची मुळं हलतात, मातीलगत कापायचं. दोन रोपांत चार बोटं अंतर. कापलेली रोपं रात्री वरणात घातली. आई म्हणाल्या, आज वरण छान झालंय.

जानेवारीच्या सुरुवातीला एक काढून बघितलं, चिरलं तर आत काळा डाग. बूचासारखा, कोरडा. भाच्याला फोटो. म्हणाला बोरॉन कमी पडलंय मामी, बोरिक पावडर मिळेल का. म्हटलं, ती कॅरमवर टाकतो ती? हो, पण कॅरमची नको, औषधाच्या दुकानातून आणा, लिटरला एक ग्रॅम, पानांवर फवारा, आणि हात आखडता ठेवा, जास्त झालं तर झाड मरेल. मी सोन्यासारखी वजन करून घातली. पुढची बिटं स्वच्छ निघाली. नागअळीने थोडी पानं पोखरली, पानावर पांढऱ्या वळणावळणाच्या रेघा दिसतात त्या, ती पानं तोडून टाकली, फार डोकं लावलं नाही.

बीट काढायचं कधी हे त्याचं तेच सांगतं, मातीच्या वर खांदा काढून. टेनिसच्या चेंडूच्या पुढे जाऊ द्यायचं नाही, आत लाकूड होतं. मी पहाटे काढते, सव्वासहाला, ऑफिसच्या आधी, त्या वेळी नेरूळमध्ये जी काय थंडी असते ती असते. पानांचा झुबका मुळाशी धरायचा, दुसऱ्या हाताची बोटं खांद्याच्या दोन्ही बाजूंनी मातीत घालायची, आणि ओढायचं नाही, आधी जरा फिरवायचं. एक बारीक तटतट होते, बाजूची मुळं तुटतात, मग ते अचानक सैल पडतं आणि हातात येतं. खालची शेपटी उंदराच्या शेपटीसारखी, काळ्या चिखलापर्यंत गेलेली, कारण टोकाला तो चिखल चिकटलेला असतो, वरच्या तपकिरी मातीहून एकदम वेगळा. एकदा त्या शेपटीने एक शिंपली वेटोळ्यात धरून आणली होती. बरणीत ती पण आहे.

आणि वास. बिटाचा जो मातकट वास असतो, जो अर्ध्या लोकांना आवडत नाही, तो आणि पहिल्या पावसाच्या मातीच्या वासातला एक भाग, दोन्ही एकाच पदार्थामुळे, जिओस्मिन. मातीतले सूक्ष्मजीव तो तयार करतात आणि बीट स्वतःही करतं. म्हणजे जानेवारीत, पाऊस जाऊन तीन महिने झालेले, पुढचा यायला पाच, तुम्ही अंगणात उकिडवे बसलात आणि हातात जूनचा वास. आंबट लागलं की तो वास मोडतो, म्हणून आपल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या बिटाच्या कोशिंबिरीत दही नाहीतर लिंबू घालत आल्यात, कुणी शिकवलं नसताना.

पानं चाकूने कापायची नाहीत, पिरगाळून तोडायची, दोन बोटं देठ ठेवून. शेपटी तशीच ठेवायची, सालासकट शिजवायचं. नाहीतर सगळा रंग पाण्यात जातो. मी पहिल्या वर्षी सोलून, फोडी करून कुकरला लावलं होतं, पाणी असं झालं की होळी, आणि फोडी गुलाबी पडलेल्या. शिजल्यावर मात्र साल अंगठ्याने नुसती सरकते. आडवं चिरलं की आत वर्तुळं, एकात एक. तापमान वाढलं की त्यातली काही पांढरट पडतात, फेब्रुवारीच्या शेवटी काढलेल्यांत हमखास. आई त्याला बांगड्या भरलेलं बीट म्हणतात आणि ते बाजूला काढून ठेवतात, चवीला वाईट असतं म्हणून नाही, उगाच.

खरं म्हणजे आमच्या घरात बिटाला कधी मानच नव्हता. सासरी आणि माहेरी दोन्हीकडे. लग्नाच्या पंगतीत सॅलडच्या ताटलीत कडेला ठेवायचं, काकडी संपते, ते तसंच परत जातं. नाहीतर कटलेटला रंग यायला. नाहीतर पावभाजीत गुपचूप किसून, गाडीवाल्याचा रंग कसला ते विचारू नये. एक सँडविचवाला सोडला तर मुंबईत बिटाचं नाव घेऊन कुणी पैसे कमावले नसतील. स्टेशनबाहेरच्या त्या सँडविचमध्ये बटाटा, काकडी, टोमॅटो यांच्यात जी एक पातळ लाल चकती असते आणि जिच्यामुळे पाव गुलाबी होतो, ती काढून ठेवणारी मी. आणि आता मीच मुलाच्या डब्यात घरच्या बिटाचं सँडविच देते आणि तो काढून ठेवतो. रक्त आहे शेवटी.

त्याच मुलाने एकदा सकाळी बाथरूममधून जी किंकाळी फोडली ती सांगायलाच हवी. लाल! नवरा ब्रश तोंडात ठेवून धावला, मला तोवर आठवेना की आदल्या रात्री कोशिंबीर झालीय, नवरा गाडीची किल्ली शोधायला लागला. आईच शांत. म्हणाल्या, काल काय खाल्लं त्याने? शंभरातल्या दहा-चौदा जणांना असं होतं, बिटाचा रंग तसाच लघवीतून उतरतो, काही धोका नाही. आमच्या घरात तो एकटाच. आता शाळेत तो हे कौशल्य म्हणून सांगतो असं कळलंय.

बी मात्र आम्हाला धरता येत नाही. बीट दोन वर्षांचं पीक, पहिल्या वर्षी मूळ, मग कडक थंडीचे बरेच आठवडे सोसायचे, मग पुढे तुरा येतो. नेरूळची थंडी म्हणजे पंखा तीनवरून दोनवर. मी एक बीट तसंच ठेवून बघितलं मे महिन्यापर्यंत, ते नुसतं जाड होत गेलं, मग पानं झडली, मग सडलं. म्हणून दर वर्षी पाकीट विकत. मावशीला हे पटलेलं नाही. जे पीक स्वतःचं बी देत नाही ते पीक कसलं, असं तिचं म्हणणं. भाताचं बी त्यांच्याकडे कणगीत असायचं.

यंदा फेब्रुवारीच्या अखेरीला मावशी आली तेव्हा एकोणीस बिटं अजून जमिनीत होती. मला ती शिवरात्रीपर्यंत ठेवायची होती, अजून जरा भरतील म्हणून, आणि खरं सांगायचं तर वाफा रिकामा बघवत नाही म्हणून. ती गाडी गेटाशी लावून मागे आली, पाणी प्यायली, उरलेलं पाणी कढीपत्त्याच्या बुंध्याशी ओतलं. मग वाकली. या वेळी वाकायला तिला वेळ लागला, गुडघ्यावर हात ठेवून. वाफ्याच्या मधली चिमूटभर माती घेतली, जिभेवर ठेवली, तोंड जरा हलवलं, जसं आपण आमटीचं मीठ बघतो.

"काढून टाक आज," म्हणाली. "चढतोय."

मला वर काहीच दिसत नव्हतं, माती नेहमीसारखी तपकिरी. तरी काढली. तिने पण पदर खोचला आणि शेजारी बसली, मी एक काढेपर्यंत ती दोन काढत होती, आणि प्रत्येकाची शेपटी बघत होती. पाच तिच्या पिशवीत घातली तर दोन परत काढून ठेवली, म्हणाली घरात दोनच दात आहेत. पाला मात्र सगळा घेतला, गाडीवर मांडला, पाण्याचा हबका मारला, आणि आमच्याच गल्लीत पुढे जाऊन ओरडायला लागली, "पाला घ्या, बिटाचा पाला." तिसऱ्या घरातल्या वहिनींनी विचारलेलं मला मागच्या दारात ऐकू आलं, कुठला गं मावशी, एपीएमसीचा का?

"हितलाच," मावशी म्हणाली. "आमच्या शेतातला."